मार्टाची फिक्स गाडी धरायची का? नव्या ड्रायव्हरने आधी काय पाहावं

गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका गोदामातून पहाटे साडेचारला सुटणाऱ्या गाडीवर मी सहा वर्षं होतो. त्याआधी डिचोलीकडे खाणीचा टिपर चालवला. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा मुंबई-बंगळूर लाईन, म्हणजे लांब पल्ल्याची गाडी, धरली. खाणी मध्येच सुरू झाल्या, 2018 च्या मार्चात परत बंद पडल्या, आणि आमच्या भागातले कितीतरी टिपरवाले मालाच्या गाड्यांकडे वळले. तेव्हापासून मला एकच प्रश्न येत राहतो: "दादा, मार्टाची फिक्स गाडी मिळतेय, धरू का?" हल्ली विचारणारे बहुतेक पंचविशीतले असतात, टॅक्सी नाहीतर छोटा हत्ती चालवलेले. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहितो.

फिक्स गाडी म्हणजे एकाच दुकानसाखळीला, म्हणजे मार्टाला, लावलेली गाडी. रोज त्याच गोदामात माल भरायचा, त्यांच्याच तीन-चार दुकानांत उतरवायचा, रिकामे क्रेट घेऊन परतायचं. भाडं शोधायचं नाही, परतीच्या मालासाठी दोन दिवस ट्रान्सपोर्ट नगरात पडून राहायचं नाही. रात्री घरी जेवायला मिळतं. लाईनवर असताना माझी मुलगी चालायला लागली ते मला फोनवर कळलं होतं, त्यामुळे या एका गोष्टीची किंमत मी कमी लेखणार नाही.

पण या नोकरीत स्टिअरिंगवर बसायचा वेळ थोडा आणि दुकानाच्या मागच्या दारात जाणारा वेळ फार. चार दुकानं केली तरी दिवसाला शंभर किलोमीटर होत नाहीत, आणि तरीही माणूस बारा तासांनी घरी येतो. ते बारा तास कुठे जातात हे ज्याने आधी पाहिलं, त्याला नंतर पस्तावायची वेळ येत नाही. म्हणून पगाराचा आकडा ऐकण्याआधी मागचं दार बघा. पुढे जे काही सांगतोय ते याच दाराभोवतीचं आहे.

पहिलं काम: एक अख्खा दिवस बाजूला बसून या

ठेकेदाराला सरळ सांगा, "एक दिवस रूट बघतो, मग सांगतो." समंजस ठेकेदार नाही म्हणत नाही, कारण आठ दिवसांत सोडून जाणारा ड्रायव्हर त्यालाही नको असतो. "त्यात काय बघायचंय, गाडीच तर चालवायची आहे," असं कोणी म्हणालं तर तिथेच सावध व्हा.

जाताना वही घ्या आणि घड्याळ बघून लिहा. गोदामात कधी पोचलो, गाडी डॉकला (माल चढवायच्या ओट्याला) कधी लागली, कधी सुटलो, दुकानाशी कधी उभे राहिलो, शटर कधी उघडलं, शेवटचा खोका कधी उतरला, पोहोचेवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) सही कधी मिळाली. माझ्या जुन्या वहीतलं एक पान असं आहे: पणजीतलं दुकान, जूनमधला सोमवार. 5.20 ला पोचलो, कारण एकदा उजाडून गर्दी सुरू झाली की अठरा जून नावाच्या रस्त्याच्या आसपास मोठी गाडी उभी करायला जागाच मिळत नाही. 7.10 ला वॉचमनने गेट उघडलं. 7.45 ला माल घेणारा मुलगा आला. 9.30 ला गाडी रिकामी. 9.55 ला सही-शिक्का. साडेचार तासांच्या वर गेले, आणि त्यात माल उतरवण्याचे पावणेदोन तास. बाकीचा सगळा वेळ नुसतं थांबणं. दिवसातलं हे पहिलंच दुकान होतं.

प्रत्येक दुकानात माल नेमका कुठून आत जातो ते स्वतः चालून बघा. नव्या मोठ्या दुकानांना गाडीच्या फाळक्याइतका उंच डॉक असतो. तिथे पॅलेट जॅकने (माल उचलून सरकवायच्या हातगाडीने) माल सरकवत नेला की झालं. जुन्या बाजारातल्या दुकानांना डॉक वगैरे काही नाही. गाडीच्या पाठीवरून खोका खाली घ्यायचा, ट्रॉलीवर रचायचा, गटाराच्या लाद्यांवरून ती ट्रॉली ढकलायची. म्हापशात आमच्या एका दुकानाचं गोडाऊन तळघरात होतं, 14 पायऱ्या. तिथे ट्रॉलीचा उपयोग नव्हता, प्रत्येक खोका खांद्यावर. पायऱ्या मोजा, अंतर पावलांनी मोजा, आणि पावसात तिथे पाणी साचतं का ते शेजारच्या दुकानदाराला विचारा.

वजनाचाही अंदाज घ्या. पाण्याच्या 12 लिटर-बाटल्यांचा खोका म्हणजे 12 किलो. तेलाचा, साबणाचा, बिस्किटांचा धरून सरासरी दहा-बारा किलो पकडली, आणि एका दुकानात 300 खोके उतरवायचे असतील, तर तीन टनांवर माल तुमच्या आणि हेल्परच्या हातातून जातो. वर साखरेची पोती वेगळी, 50 किलोची एकेक.

हेल्पर कोणाचा?

हा प्रश्न नवीन मुलं विचारतच नाहीत, आणि महिन्याभरात त्यावरूनच सोडून जातात. हेल्पर रोज असतो का? त्याचा पगार कोण देतो? तो आला नाही तर गाडी सुटते का, आणि सुटली तर उतरवायचं कोणी? दुकानाची माणसं हात लावतात का? काही ठिकाणी करार असा असतो की ड्रायव्हरने माल फक्त फाळक्यापर्यंत आणून द्यायचा, पुढचं दुकान बघेल. काही ठिकाणी रॅकपर्यंत नेऊन ठेवायचा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेव्हा तोंडी "बघू, जमवून घेऊ" यावर थांबू नका.

शिवाय हेल्पर फक्त हमालीसाठी नसतो. कळंगुट-कांदोळीच्या गल्लीत डिसेंबरात गाडी रिव्हर्स घ्यायची, दोन्ही बाजूंना भाड्याच्या स्कूटर लावलेल्या, मध्येच पर्यटक चालत असतात. मागे उभं राहून "येवंदी, येवंदी... राव!" (येऊ दे, येऊ दे... थांब!) म्हणणारा माणूस नसेल तर मी गाडी मागे घेत नसे, मग दुकानाचा मॅनेजर कितीही ओरडो. कंटेनरच्या मागचं आरशात दिसत नाही. मागे लहान मूल असलं तर ते कळणारसुद्धा नाही.

पगार तासांनी भागा

पगाराचा आकडा सांगणारा कधीच तास सांगत नाही. तुम्ही वहीत लिहिलेले तास इथे उपयोगी पडतात. समजा मार्टाच्या गाडीला 20,000 मिळतात आणि घरून निघून घरी येईपर्यंत 12 तास जातात. महिन्याचे 26 दिवस धरले तर 312 तास, म्हणजे तासाला 64 रुपये. दुसरीकडे एखाद्या कारखान्याची स्टाफ बस आहे, 16,000 पगार, पण 9 तासांत मोकळे. तिथे 234 तास होतात आणि तासाला 68 रुपये पडतात. चार हजार कमी दिसणारी नोकरी तासाला चार रुपये जास्त देते. याचा अर्थ बसच घ्या असा नाही. घरात हप्ता असेल तर महिन्याअखेरीचे 20,000 लागतातच. फक्त आपण काय विकतोय हे माहीत असू द्या.

मग हे विचारा: दुकानाच्या दारात थांबलेले तास धरले जातात का? पगार महिन्यावर आहे की फेरीवर? फेरीवर असेल तर दुकानाने तीन तास थांबवलं की नुकसान सगळं तुमचं. कायद्यात कामाचे तास दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 आहेत, आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर. प्रत्यक्षात कोण किती देतं ते जुन्या ड्रायव्हरांना चहाच्या गाड्यावर विचारा, ऑफिसात विचारून उपयोग नाही. भत्ता, डिझेल वाचवल्याचा बोनस, रविवारच्या फेरीचे पैसे, हे सगळं पगाराच्या कागदावर येतं की हातात मिळतं तेही विचारा.

माल कमी निघाला तर कोणाच्या खिशातून?

इथे मी स्वतः पोळलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्या पहिल्याच वर्षी एका दुकानात शॅम्पूचे चार खोके कमी निघाले. गोदामाने सांगितलं, आम्ही पूर्ण भरलेत. दुकानाने सांगितलं, आम्हाला चार कमी मिळाले. दोघांच्या मध्ये मी. भरताना मी डॉकवर उभा नव्हतो, पलीकडे चहा घेत होतो. गाडीला सील होतं की नव्हतं हे कोणीच लिहिलेलं नव्हतं. त्या महिन्याच्या पगारातून खोक्यांचे पैसे कापले गेले. बायकोला कसं सांगायचं या विचाराने मी त्या दिवशी गाडी घेऊन सरळ घरी न जाता बराच वेळ झुआरी नदीच्या काठी बसून होतो. मी एक पुडीही घेतलेली नव्हती.

त्यानंतर जे शिकलो ते असं. भरणी चालू असताना डॉकवर उभं राहायचं आणि खोके मोजायचे. मोजायची परवानगी नसेल, तर चलनावर (मालासोबतच्या कागदावर) "सीलबंद गाडी, माल मोजलेला नाही" असं लिहून सही करायची. दार बंद झालं की त्यावर नंबर असलेलं सील लागतं. तो नंबर चलनावर चढलाय ना ते बघायचं आणि सीलचा फोटो घ्यायचा. दुकानात पोचल्यावर सील आपण तोडायचं नाही. माल घेणाऱ्या माणसाने नंबर जुळवून, त्याच्या हाताने कापायचं. सील शाबूत असताना माल कमी निघाला तर तो गोदामाचा हिशोब. सील तुटलेलं असेल तर सगळ्यांची बोटं ड्रायव्हरकडे वळतात.

एका गाडीत तीन-चार दुकानांचा माल असतो तेव्हा पहिल्या दुकानानंतर नवीन सील लागतं का, हे विचाराच. बऱ्याच ठिकाणी पहिलं सील कापलं की पुढचा सगळा प्रवास नुसत्या कडीवर होतो. असं असेल तर मालाची जबाबदारी तुमच्यावर घेऊ नका, किंवा स्वतःचं कुलूप लावा आणि प्रत्येक दुकानात मोजून सही घ्या.

भरणी कशी करतात तेही बघा. शेवटच्या दुकानाचा माल आधी आत जायला हवा, म्हणजे पहिल्या दुकानाचा दाराशी राहतो. गोदामाने उलटं भरलं तर पहिल्या दुकानात अर्धी गाडी रस्त्यावर उतरवून परत चढवावी लागते, आणि आभाळ भरून आलेलं असतं. ओले झालेले खोके दुकान घेत नाही. त्याला "डॅमेज" म्हणतात, आणि डॅमेज कोणाच्या नावावर जातं हे कामावर रुजू होण्याआधी लेखी हवं. थंड मालाची गाडी असेल तर आणखी एक: आइस्क्रीम, फ्रोझन वगैरे उणे 18 अंशांना राहावं लागतं. दुकानाने दार उघडं ठेवून अर्धा तास घातला आणि तापमान चढलं, तर ते दुकानामुळे चढलं हे पोहोचेवर वेळ लिहून नोंदवा.

पोहोच म्हणजे तुमचं कवच. सही, शिक्का, तारीख आणि वेळ. वेळ लिहायला लोक टाळाटाळ करतात. हसून सांगा, पण लिहून घ्या.

नोकरी कोणाची, कागद काय

गाडीच्या दारावर मार्टाचं नाव रंगवलेलं असलं म्हणून नोकरी मार्टाची असते असं नाही. बहुतेक वेळा मार्टाने काम ट्रान्सपोर्ट कंपनीला दिलेलं असतं, तिने गाड्या छोट्या मालकांकडून घेतलेल्या असतात, आणि तुमचा पगार तो छोटा मालक देतो. हे महत्त्वाचं का? 20 किंवा जास्त माणसं असतील तिथे पीएफ लागतो, 10 किंवा जास्त असतील तिथे ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा). चार गाड्यांच्या मालकाकडे यातलं काहीच नसू शकतं. ईएसआय महिन्याला 21,000 पर्यंतच्या पगाराला मिळतं. तुमचे 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. दिवसाला टनावारी माल उचलणाऱ्या माणसाची कंबर एकदा तरी धरते, तेव्हा हे कार्ड हवं. नेमणुकीचं पत्र मागा. नावाचं, पगाराचं, तारखेचं साधं पत्रही चालेल.

लायसन्सचं थोडक्यात. व्यवसायाची गाडी चालवायला वयाची 20 वर्षं पूर्ण हवीत. ज्या गाडीचं मालासकट एकूण वजन 7,500 किलोपर्यंत आहे ती साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर चालवता येते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे कायम केलं. त्यावरच्या गाडीला ट्रान्सपोर्टचं लायसन्स लागतं. ते 5 वर्षांचं मिळतं आणि नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. गाडी कोणत्या वजनाची ते बॉडीवरून ठरवू नका, आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) वाचा. आरसीबरोबर इन्शुरन्स, फिटनेस, परमिट आणि पीयूसीच्या तारखा मोबाईलवर बघून घ्या. आठ वर्षांवरच्या गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, आणि जुन्या गाड्यांत तेच नेमकं राहून जातं.

ओव्हरलोडला 20,000 दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. ई-चलन मालकाच्या नावावर येतं आणि मग पगारातून कापलं जातं. जादा माल भरायला गोदाम सांगत असेल तर दंड कोण भरणार, हे त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आणि एक गोष्ट मोठ्या भावाच्या नात्याने सांगतो: रात्री उशिरा घेतलेली दारू पहाटे साडेचारला उतरलेली नसते. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी 10,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि नोकरी तर गेलीच. पहाटेच्या गाडीवर असताना मी जत्रेतसुद्धा घेत नसे.

रूट, पाऊस, चवथ

गोदाम गोव्यात आहे की बेळगावला, हे पहिल्यांदा विचारा. बेळगावला असेल तर ही नोकरी निम्मी लाईनचीच झाली. चोर्ला घाटाने जवळ पडतं, पण तिथे जड गाड्यांवर वेळोवेळी बंदी येते, मग अनमोडवरून मोले-फोंडा असं यावं लागतं. पावसाळ्यात धुकं, दरड, घाटात बंद पडलेला एखादा ट्रेलर. त्या रात्री घरचं जेवण विसरा.

गोव्यातल्या गोव्यात रूट असेल तर तो उत्तरेचा की दक्षिणेचा तेही बघा. काणकोणपर्यंतचा रूट असला तर करमळ घाट रोजचा. पेडण्याकडे रस्ता मोकळा, पण दुकानं लांब-लांब. गावातल्या रस्त्यांवर कंटेनरची उंची फार महत्त्वाची: वडाच्या फांद्या, खाली लोंबणाऱ्या वायरी, जत्रेच्या कमानी. शिगम्याच्या आणि कार्निव्हालच्या मिरवणुकांना शहरं बंद होतात. त्या तारखा आधीच दुकानांना विचारून फेरी सकाळी उरकावी लागते.

आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) बाजाराच्या आधीचा आठवडा हा दुकानांच्या मोठ्या विक्रीचा काळ असतो. त्याच आठवड्यात ड्रायव्हरला घर सारवायचं, मखर बांधायचं, गावच्या घरी जायचं असतं. गोव्यातल्या माणसाने चवथीला घरी नसणं म्हणजे काय ते मी लाईनवर तीन वर्षं अनुभवलंय. फिक्स गाडीला सुट्टी मिळते, पण ती आधी ठरवली तर. रुजू होतानाच विचारा: चवथीचे किती दिवस, बदली ड्रायव्हर कोण, आणि त्या दिवसांचा पगार कापला जातो का? उत्तर "तेव्हाचं तेव्हा बघू" असं मिळालं, तर ती सुट्टी मिळणार नाही असंच धरून चाला.

मग घ्यावी का?

माझं मत विचाराल तर: अंग धडधाकट असेल, घरी लहान मुलं असतील, पहाटे उठायची सवय असेल आणि लोकांशी गोड बोलून काम काढून घेता येत असेल, तर घ्या. दुकानाचा मॅनेजर, वॉचमन, माल घेणारा मुलगा, ही माणसं रोजची होतात. सहा महिन्यांनी वॉचमन तुम्हाला बघून गेट पाच मिनिटं लवकर उघडतो. ती पाच मिनिटं कुठल्या करारात लिहिलेली नसतात.

कंबरेचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर घेऊ नका. पॅलेट जॅकवाल्या मोठ्या दुकानांचाच रूट मिळाला तर गोष्ट वेगळी. नुसतं गाडी चालवायची आवड आहे, घाट-वळणं, लांबचा पल्ला हवा, त्यालाही मी नको म्हणेन. त्याचा जीव मागच्या दारात कोंडतो. आणि ज्या ठेकेदाराने हेल्पर, शॉर्टेज (कमी निघालेला माल) आणि चवथ या तीन प्रश्नांपैकी दोहोंवर टोलवाटोलवी केली, तिथे पगार दोन हजारांनी जास्त असला तरी जाऊ नका.

हो म्हणालात तर पहिल्या पंधरवड्यात वही सोडू नका. प्रत्येक दुकानाचं एक पान करा: मागच्या दाराचा रस्ता, गाडी कुठे उभी करायची, कोणत्या फांदीला बॉडी घासते, माल घेणाऱ्याचं नाव, पाणी कुठे मिळतं, मुतारी कुठे आहे. गाडीत रेनकोट, टॉर्च, जाड हातमोजे, प्लास्टिकची ताडपत्री आणि दोन पेनं ठेवा. दुसरं पेन दुकानवाल्यासाठी, कारण सही करायच्या वेळी त्याच्याकडे कधीच पेन नसतं.